बुटीबोरी पायलट: औद्योगिक डेटा प्लॅटफॉर्मच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

काम सुरू. आपला प्लॅटफॉर्म कारखान्यातले मीटर, पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे नियंत्रक) आणि जुने संगणक यांतला डेटा गोळा करून एका एपीआयमागे (इतर प्रोग्रॅमना डेटा मागण्याचा मार्ग) आणतो. एपीआयचा संदर्भ नीट आहे, कारण तो ओपनएपीआय फाइलमधून (एपीआयच्या ठरावीक साच्यातल्या वर्णनातून) आपोआप तयार होतो. गोंधळ आहे तो एपीआयच्या अलीकडे. यंत्रातला आकडा एपीआयपर्यंत कसा येतो, वाटेत त्याचं काय होतं आणि तो चुकला तर कुठे बघायचं, यातलं काहीच डॉक्समध्ये सलग सापडत नाही.

पायलटची जागा बुटीबोरी एमआयडीसीतली एक सूतगिरणी. तिथे २४ ऊर्जा मीटर आहेत (आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवर मॉडबस आरटीयू ही संवादपद्धत), ह्युमिडिफिकेशन प्लांटचा (हवेत ओलावा राखणारी यंत्रणा) एक पीएलसी आहे (ओपीसी यूए ही यंत्रांशी बोलण्याची नवी पद्धत), आणि रिंग फ्रेमचा (सूत कातणारं यंत्र) डेटा एका जुन्या विंडोज संगणकावर ओपीसी डीए या तिच्या जुन्या रूपातून मिळतो. हा सगळा डेटा गोळा करणारा गेटवे एकच. तिथून एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीने डेटा नागपूरच्या कार्यालयातल्या चाचणी सर्व्हरवर येतो.

नियम ठरवला: डॉक्समधली प्रत्येक पायरी साइटवर लिहिल्याप्रमाणे करून बघायची. जिथे अडलं तिथे डॉक्स चुकलं असं धरायचं, वाचणारा चुकला असं धरायचं नाही.

मांडणीसाठी डॅनिएले प्रोसिडा यांची डायटॅक्सिस पद्धत घेतोय: शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण अशी चार प्रकारची पानं, आणि एका पानात एकच प्रकार. आजच्या 'सुरुवात करा' पानात चारही एकत्र आहेत. त्यामुळे पॅनलसमोर उभ्या असलेल्या माणसाला पहिली कृती मिळायच्या आधी आर्किटेक्चरची तीन चित्रं ओलांडावी लागतात.

८ एप्रिल, मंगळवार

वायरिंगबद्दल जुन्या पानावर एकच ओळ होती: 'मीटर गेटवेच्या आरएस-४८५ पोर्टला जोडा.' सॉफ्टवेअरच्या डॉक्समध्ये वायरिंग कशाला, असा प्रश्न बैठकीत आला होता. त्याचं उत्तर आज साइटवर मिळालं. २४ पैकी ७ मीटर अधूनमधून गायब होत होते, दोन उत्तरच देत नव्हते, आणि एपीआयमध्ये त्याचं रूप फक्त 'टाइमआउट' (ठरल्या वेळेत उत्तर नाही) एवढंच होतं. डेव्हलपरला टाइमआउट दिसला की तो मर्यादा १ सेकंदावरून ३ सेकंदांवर नेतो. दोष वायरमध्येच राहतो आणि वर सगळं हळू होतं.

नव्या पानात घातलेला मजकूर:

वायर एका मीटरवरून पुढच्या मीटरवर लूपिंग करत न्यायची. एका जंक्शन बॉक्समधून चहूकडे फाटे काढायचे नाहीत. एका लाइनवर प्रमाणित भाराची जास्तीत जास्त ३२ उपकरणं, लांबी जास्तीत जास्त १,२०० मीटर. टर्मिनेशनचा (टोकाला सिग्नल परत फिरू नये म्हणून लावायचा) १२० ओहमचा रोध दोन टोकांनाच, मध्ये कुठेही नाही.

तपासायची रीत: सगळ्या उपकरणांचा पुरवठा बंद करा आणि मल्टिमीटरने ए आणि बी या तारांमधला रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर दोन्ही टोकं ठीक. १२० आला तर एकाच टोकाला रोध आहे. ४० आला तर तीन ठिकाणी आहे. आज ४० आला. मधल्या एका मीटरच्या डिपस्विचवर टर्मिनेशन चालू राहिलं होतं. ते बंद केल्यावर ९ पैकी ७ मीटर स्थिर झाले.

उरलेल्या दोघांत ए-बी उलट लागले होते. याला वायरमनचा दोष म्हणता येत नाही. काही उत्पादक ए ला धन मानतात, काही ऋण, आणि मीटरच्या कागदावर ते स्पष्ट नसतं. म्हणून डॉक्समध्ये आता असं लिहिलंय: 'एकही उत्तर येत नसेल तर आधी दोन तारा अदलाबदल करून बघा, यात उपकरण बिघडत नाही.' शिल्ड (तारेवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची. मोटरच्या ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून कम्युनिकेशनची वायर नेऊ नका; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

९ एप्रिल, बुधवार

आजचा दिवस रजिस्टर पत्त्यांचा (रजिस्टर म्हणजे मीटरमधला आकडा ठेवायचा खण). सपोर्टकडे येणाऱ्या तक्रारींत याच विषयाच्या तक्रारी सर्वांत जास्त असतात आणि जुन्या डॉक्समध्ये त्यावर अर्धा परिच्छेद होता.

पहिली गोष्ट. मीटरच्या कागदावर ४०००१ लिहिलेलं असतं, पण तारेवरून जाणारा पत्ता ० असतो. सुरुवातीचा ४ हा आकडा फक्त सांगतो की हे होल्डिंग रजिस्टर आहे आणि ते फंक्शन ३ ने वाचायचं. ३०००१ असेल तर इनपुट रजिस्टर, फंक्शन ४. आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये शून्यापासूनचा पत्ता लागतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एका घराने चूक झाली तर एरर येतच नाही. शेजारच्या रजिस्टरचा आकडा येतो आणि तो बहुतेक वेळा खराही वाटतो. आर फेजच्या जागी वाय फेजचं व्होल्टेज आलं तर कुणाच्या लक्षात येणार?

दुसरी गोष्ट शब्दक्रमाची. ३२ बिटांचा दशांश आकडा दोन १६ बिटी रजिस्टरांत मावतो, पण मोठा अर्धा आधी की लहान अर्धा आधी, हे मॉडबसने ठरवून दिलेलं नाही. पानात आता एकच आकडा शेवटपर्यंत सोडवून दाखवला आहे: २३०.५ व्होल्ट. हेक्समध्ये तो ४३६६ ८००० असा असतो. रजिस्टरांत दशमान पद्धतीने १७२५४ आणि ३२७६८ दिसतात. क्रम बरोबर असेल तर २३०.५ मिळतो. शब्द उलटले तर आकडा इतका सूक्ष्म ऋण येतो की पडद्यावर '-०.०' दिसतं. प्रत्येक शब्दातल्या बाइट उलटल्या तर २.३ गुणिले १० चा २३ वा घात. आणि दशांशाऐवजी पूर्णांक म्हणून वाचला तर १,१३,०७,९०,९१२, म्हणजे ११३ कोटी व्होल्ट.

हे चार परिणाम एका तक्त्यात मांडले. तक्त्याच्या डाव्या रकान्यात 'पडद्यावर काय दिसतं' आणि उजव्यात 'कोणती सेटिंग बदला'. वाचणारा लक्षणापासून सुरुवात करतो, कारणापासून नाही. त्यामुळे बिघाड शोधण्याची सगळीच पानं या क्रमाने लिहायची. '-०.०' हे विशेष ठळक केलं, कारण शून्य बघून माणूस फीडर बंद असेल असं समजतो. उणे चिन्हाकडे लक्ष गेलं तरच शब्दक्रमाचा संशय येतो.

११ एप्रिल, शुक्रवार

'पोलिंगची गती ५ सेकंद ठेवा' असं डॉक्स सांगतं (पोलिंग म्हणजे प्रत्येक मीटरला पाळीपाळीने आकडे विचारणं). साइटवर एक फेरी २० सेकंदांच्या आसपास जात होती. डॉक्समध्ये गती दिली होती, पण ती शक्य आहे का हे काढायची रीत दिली नव्हती. ती आता हिशेबासकट दिली.

९६०० बॉड (सेकंदाला ९,६०० बिट), ८ डेटा बिट, सम पॅरिटी (चूक पकडण्याचा जादा बिट), १ स्टॉप बिट. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला ११ बिट, म्हणजे सुमारे १.१५ मिलिसेकंद. एका मोजमापाची (२ रजिस्टरं) विनंती ८ बाइट, उत्तर ९ बाइट. मिळून १७ बाइट, साधारण २० मिलिसेकंद. त्यात दोन्ही फ्रेमआधीची साडेतीन अक्षरांची शांतता, मिळून ८ मिलिसेकंद, आणि मीटरला उत्तर द्यायला ४० धरा. एक वाचन जवळपास ६८ मिलिसेकंद. २४ मीटर गुणिले १२ मोजमापं म्हणजे २८८ वाचनं, १९ सेकंदांच्या वर.

हीच १२ मोजमापं एका सलग ६० रजिस्टरांच्या पट्ट्यात असतील तर मीटरमागे एकच वाचन. ८ अधिक १२५ असे १३३ बाइट, १५२ मिलिसेकंद, वर ४८. म्हणजे २०० मिलिसेकंद. २४ मीटरांना ४.८ सेकंद. ५ सेकंदांची गती इथेच शक्य होते, तीही जेमतेम. डॉक्समध्ये १० सेकंद सुचवतोय.

एका विनंतीत जास्तीत जास्त १२५ रजिस्टरं मागता येतात. पण काही मीटर मधल्या रिकाम्या पत्त्यावरून पट्टा गेला की सगळीच विनंती 'अपवाद २' (पत्ता चुकीचा) देऊन नाकारतात. असं झालं तर पट्टा रिकाम्या जागेपाशी तोडायचा.

बंद मीटरचा खर्चही लिहिला. टाइमआउट १ सेकंद आणि ३ पुनर्प्रयत्न असतील तर एक बंद मीटर दर वाचनाला ४ सेकंद खातो. १२ सुटी वाचनं असतील तर ४८ सेकंद, आणि बाकीचे २३ मीटर ताटकळतात. म्हणून पुनर्प्रयत्न १ आणि सलग तीन फेऱ्या गप्प राहिलेल्या मीटरला मिनिटभर बाजूला ठेवणं, ही शिफारस.

१५ एप्रिल, मंगळवार

मराठी आवृत्तीची शब्दसूची. विदर्भात हे काम करणारे इन्स्ट्रुमेंटेशनचे तंत्रज्ञ आणि छोटे इंटिग्रेटर मराठीत बोलून काम करतात. डॉक्स तेवढं इंग्रजीत असल्याने ते फोनवर विचारतात. कृतीची पानं मराठीत असलीच पाहिजेत. कोडमधली नावं, सेटिंगची नावं आणि एररचे मजकूर मात्र पडद्यावर दिसतात त्याच रूपात ठेवायचे, नाहीतर शोधताना सापडत नाहीत.

दोन शब्दांनी वेळ घेतला. 'युनिट': गिरणीत युनिट म्हणजे किलोवॉट-तास. मॉडबसमध्ये युनिट आयडी म्हणजे मीटरचा क्रमांक. आपल्या एपीआयमध्ये युनिट म्हणजे मोजमापाचं परिमाण. आणि व्यवस्थापनाच्या तोंडी 'युनिट नंबर दोन' म्हणजे कारखान्याची दुसरी इमारत. ठरलं असं: विजेसाठी 'युनिट', परिमाणासाठी 'एकक', मीटरच्या क्रमांकासाठी 'स्लेव्ह आयडी' (मॉडबस संघटनेने २०२० मध्ये क्लायंट-सर्व्हर हे शब्द स्वीकारले असले तरी मीटरच्या मेनूवर अजून हेच छापलेलं आहे), आणि इमारतीसाठी 'प्लांट'.

'रजिस्टर': गिरणीत रजिस्टर म्हणजे शिफ्ट सुपरवायझरची वही. 'रजिस्टरमधला आकडा चुकला' याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही चुका खरोखर घडतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी 'मॉडबस रजिस्टर' असं पूर्ण लिहायचं.

'डेडबँड' (याहून छोटा बदल झाला तर आकडा पाठवायचा नाही अशी मर्यादा), 'पोलिंग', 'टाइमआउट' तसेच राहतील. 'क्वालिटी' (आकडा भरवशाचा आहे का ते सांगणारी खूण) पण तसंच. 'दर्जा' म्हटलं की सुताच्या दर्जाकडे लक्ष जातं. 'स्केलिंग फॅक्टर'साठी 'गुणक' चालतो, सगळ्यांना कळतो.

१७ एप्रिल, गुरुवार

ओपीसी यूए. पोर्ट ४८४०. डॉक्समध्ये सहा पायऱ्या होत्या, त्यातल्या दोन चुकीच्या क्रमाने.

आधी गेटवेचं घड्याळ, मग प्रमाणपत्र (यंत्राची ओळख पटवणारी डिजिटल फाइल). गेटवेच्या आरटीसीची (आतल्या घड्याळाची) बॅटरी संपलेली होती आणि कारखान्याच्या फायरवॉलमध्ये एनटीपीचं (नेटवर्कवरून वेळ मिळवण्याचं) यूडीपी पोर्ट १२३ बंद होतं. गेटवे चालू झाला की स्वतःला १ जानेवारी १९७० मध्ये समजायचा. पीएलसीचं प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नव्हतं, म्हणून जोडणी नाकारली जायची. एररमध्ये 'सर्टिफिकेट टाइम इनव्हॅलिड' असं स्पष्ट लिहिलेलं असूनही जुनं पान प्रमाणपत्र नवं बनवायला सांगत होतं. ते कितीही वेळा नवं बनवलं तरी हाच एरर येणार.

भारतातल्या वाचकासाठी एक ओळखीची खूण लिहिली: आलेखात कुठेही '१ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०' दिसलं तर ते शून्य सेकंदाचं घड्याळ आहे. १६०१ हे साल दिसलं तर ओपीसी यूएमधली वेळ रिकामी आली आहे, कारण त्या प्रणालीचं मोजमाप १ जानेवारी १६०१ पासून सुरू होतं.

मग विश्वास. गेटवेचं प्रमाणपत्र पहिल्या प्रयत्नात सर्व्हरच्या 'नाकारलेले' यादीत जाऊन पडतं. तिथून ते हाताने 'विश्वासू' यादीत हलवावं लागतं, आणि गेटवेवर पीएलसीच्या प्रमाणपत्राचंही तेच. पहिला प्रयत्न अपयशी होणारच, हे डॉक्सने आधीच सांगायला हवं. नाहीतर माणूस तिथेच थांबतो.

तिसरा अडथळा होस्टनेमचा (यंत्राच्या नेटवर्कवरच्या नावाचा). आयपी पत्ता टाकला तरी सर्व्हर उत्तरात स्वतःचा पत्ता नावाने देतो, आणि गेटवेला ते नाव सापडत नाही. 'शोध यशस्वी, जोडणी अयशस्वी' हे त्याचं लक्षण. एकतर सर्व्हरला आयपी जाहीर करायला सांगा, किंवा गेटवेच्या होस्ट फाइलमध्ये नावाची नोंद करा.

टॅगच्या (एका मोजमापाच्या) ओळखीत नेमस्पेसचा (टॅग-नावांच्या गटाचा) क्रमांक वापरू नका. पीएलसीत प्रोग्रॅम पुन्हा उतरवल्यावर ३ चा ४ झाला आणि सगळे टॅग 'नोड अज्ञात' म्हणू लागले. क्रमांकाऐवजी नेमस्पेसचा यूआरआय साठवायचा आणि दर जोडणीला क्रमांक नव्याने शोधायचा. आपल्या उदाहरणातला कोड क्रमांकच वापरत होता. बदलला.

नमुने घेण्याचा काळ १ सेकंद, पाठवण्याचा ५ सेकंद आणि रांगेची लांबी १ असेल तर पाचपैकी चार नमुने गळतात आणि कुठलाही एरर येत नाही. रांग किमान ५ हवी. उदाहरणात १० ठेवली.

२१ एप्रिल, सोमवार

ओपीसी डीए थोडक्यात. जुनं पान डीकॉमवरून (दोन संगणकांतले प्रोग्रॅम जोडणारी विंडोजची जुनी सोय) दुसऱ्या संगणकाला जोडायला सांगत होतं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ मध्ये डीकॉमचं कडक प्रमाणीकरण सक्तीचं केलं. ते बंद करायची सोय राहिली नाही. ते पान काढून टाकलं. आता एकच मार्ग लिहिलाय: जोडणीचा प्रोग्रॅम त्याच विंडोज संगणकावर बसवा आणि तिथून पुढे ओपीसी यूएने या.

२४ एप्रिल, गुरुवार

गिरणीची तक्रार: सकाळच्या शिफ्टचे युनिट मीटरच्या वहीतल्या नोंदींशी जुळत नाहीत. फरक रोज वेगळा, कधी कमी कधी जास्त. आजचा पूर्ण दिवस यावर गेला आणि कारण डॉक्समधल्या उदाहरणात सापडलं.

शिफ्ट ६ ते १४. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणून ही शिफ्ट यूटीसीत ००:३० ते ०८:३०. प्लॅटफॉर्म तासाचे कप्पे (तासातासाच्या एकत्रित नोंदी) यूटीसीच्या पूर्ण तासाला पाडतो. म्हणजे भारतीय वेळेत प्रत्येक कप्पा साडेपाच, साडेसहा, साडेसात असा पडतो. आमचं उदाहरण '००:३० पासून ०८:३० पर्यंत सुरू होणारे तासाचे कप्पे मागा आणि बेरीज करा' असं होतं. त्या खिडकीत ०१:०० पासून ०८:०० पर्यंत सुरू होणारे कप्पे येतात. ते आठच भरतात, म्हणून मोजणाऱ्याला संशय येत नाही. पण ते भारतीय वेळेत ६:३० ते १४:३० आहेत. पूर्ण शिफ्ट अर्धा तास पुढे सरकली. आधीच्या शिफ्टच्या हवाल्यानंतरचा पहिला अर्धा तास गळला आणि दुपारच्या शिफ्टचा पहिला अर्धा तास आत आला.

ज्या देशांच्या वेळा पूर्ण तासाच्या फरकाने आहेत तिथे हा दोष कधीच दिसत नाही. आमच्या स्वयंचलित चाचण्या यूटीसीतच चालत होत्या, त्यामुळे तिथेही दिसला नाही. आजपासून सगळ्या चाचण्या 'आशिया/कोलकाता' या वेळेतही चालतील.

नवा मजकूर तीन भागांत. पहिला: भारतात शिफ्टच्या हिशेबासाठी १५ किंवा ३० मिनिटांचे कप्पे घ्या, ते साडेपाच तासांच्या फरकाशी नेमके जुळतात. विजेच्या हिशेबात दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक धरायची पद्धत इथे आहेच, म्हणून १५ चा कप्पा सगळ्यांच्या ओळखीचा. दुसरा: तासाचेच कप्पे हवे असतील तर टाइमझोनचं पॅरामीटर द्या. तिसरा: 'दिवस' हा कप्पा टाइमझोन न देता मागितला तर तो पहाटे ५:३० ते दुसऱ्या पहाटे ५:३० असा मिळतो.

रात्रपाळी २२ ते ६ कोणत्या तारखेची? गिरणीत ती सुरू झाली त्या तारखेची मानतात. हे प्लॅटफॉर्म ठरवू शकत नाही. उदाहरणात 'उत्पादन तारीख' हे वेगळं क्षेत्र घेतलं: वेळेतून ६ तास वजा करा आणि मग तारीख काढा.

२५ एप्रिल, शुक्रवार

कालच्याच धाग्यातलं आणखी एक. विनंतीत वेळ '+०५:३०' लावून पाठवली तर यूआरएलमधलं अधिक चिन्ह सर्व्हरला रिकामी जागा म्हणून मिळतं आणि ४०० (विनंती चुकीची) हा एरर येतो. ते चिन्ह 'टक्का २ बी' (%2B) असं लिहावं लागतं. आमचं स्वतःचं उदाहरण यात पडलं. ब्राउझरच्या पत्तापट्टीत चिकटवणाऱ्या प्रत्येकाचं पडलं असणार. उदाहरण दुरुस्त केलं आणि ४०० च्या एरर संदेशातही हे कारण सांगायची विनंती एपीआय गटाकडे टाकली. एरर संदेश हेही डॉक्युमेंटेशनच आहे. सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं.

शिफ्टचे युनिट काढताना पॉवरची सरासरी गुणिले ८ करायचं नाही. संचयी मीटरचा शेवटचा आकडा वजा पहिला आकडा. फरक ऋण आला तर एकतर मीटर बदललाय किंवा आकडा शेवटाला पोचून शून्यावर गेलाय. दोन्हींत तो कालखंड 'अनिश्चित' म्हणून वेगळा दाखवायचा; कोडने गुपचूप शून्य टाकायचं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

एमक्यूटीटी. चाचणीसाठी दुसरा गेटवे पहिल्याच्या कार्डाची प्रत काढून बनवला आणि दोन्ही दर काही सेकंदांनी तुटू-जुळू लागले. कारण क्लायंट आयडी एकच. त्याच आयडीने नवा आला की ब्रोकर (संदेश वाटणारा सर्व्हर) जुन्याला काढतो, जुना परत जोडतो, मग नवा निघतो. लॉगमध्ये फक्त 'जोडणी तुटली' दिसतं आणि सगळे नेटवर्कवाल्याला फोन लावतात. डॉक्समध्ये गेटवेची प्रत काढण्याच्या कृतीत आता दुसरीच पायरी 'आयडी बदला' ही आहे.

कीप-अलाइव्ह (गेटवेने 'मी चालू आहे' असं कळवायचा कमाल काळ) ६० सेकंद असेल तर ब्रोकर दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट बघतो आणि मग गेटवे गेला असं जाहीर करतो. 'गेटवे बंद' हा अलार्म इतका उशिरा येऊ शकतो, हे लिहिलं.

क्यूओएस १ (संदेश पोचवण्याच्या हमीची पातळी) म्हणजे 'किमान एकदा'. तोच आकडा दोनदा येऊ शकतो आणि ही चूक नाही. टॅग आणि उगमाची वेळ ही जोडी एकच असेल तर दुसरी नोंद टाकून द्यायची.

२ मे, शुक्रवार

नेटवर्क तुटल्यावर साठवून नंतर पाठवण्याचं पान. आकड्यांशिवाय हे पान निरुपयोगी होतं.

२८८ मोजमापं दर ५ सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५७.६ नोंदी, दिवसाला ४९,७६,६४०. नोंदीला १०० बाइट धरले तर जवळपास ५०० एमबी. २ जीबीचा साठा चार दिवस पुरतो. १० सेकंदांच्या गतीने आठ दिवस.

सहा तास लाइन गेली तर १२,४४,१६० नोंदी साचतात. १,००० च्या गठ्ठ्याने १,२४५ गठ्ठे. सेकंदाला ५ गठ्ठ्यांची मर्यादा धरली तर चार मिनिटांच्या वर. त्या चार मिनिटांत चालू डेटा मागे अडकू नये म्हणून त्याची रांग वेगळी हवी. सर्व्हरने ४२९ (विनंत्या फार झाल्या) दिला तर 'रिट्राय-आफ्टर'मध्ये सांगितलेले सेकंद थांबायचं. आमचं जुनं उदाहरण लगेच पुन्हा पाठवत होतं, म्हणजे मर्यादा आणखी ओढवून घेत होतं.

उशिरा आलेल्या डेटामुळे आधी काढलेली शिफ्टची बेरीज बदलते. अहवाल शिफ्ट संपल्यावर लगेच गोठवू नका, हे ठळक अक्षरात.

६ मे, मंगळवार

डॉक्समधली सगळी ४१ कोड-उदाहरणं रोज रात्री सिम्युलेटरवर चालवायची सोय झाली. पहिल्या रात्री ७ पडली. पाच दुरुस्त, दोन काढून टाकली.

८ मे, गुरुवार

क्वालिटी. ह्युमिडिफिकेशनच्या पीएलसीतला रिंग फ्रेम विभागाचा आर्द्रतेचा टॅग काल सहा तास ५७.२ टक्क्यांवर सरळ रेषेत होता. बाहेर मे महिन्याची कोरडी हवा असताना असं होत नाही. सेन्सरची तार सुटली होती आणि पीएलसी शेवटचा आकडा देत राहिला. त्याने क्वालिटी 'खराब' अशी पाठवलीच होती. आमच्या उदाहरणाने ती वाचलीच नाही.

हा दोष महागात पडतो. आर्द्रता खाली गेली की धागा तुटायला लागतो, स्थिर वीज वाढते, आणि पडद्यावर सगळं ठीक दिसत असतं.

ओपीसी यूएच्या ३२ बिटी स्थितीत वरचे दोन बिट बघायचे: ०० चांगलं, ०१ अनिश्चित, १० खराब. खराब असेल तर आकड्याच्या जागी रिकामं ठेवायचं, शून्य नाही. ग्राहकाच्या कोडनेही शून्य करायचं नाही, कारण शून्य टक्के आर्द्रता सरासरीत मिसळली की सरासरी बिघडते. सगळी उदाहरणं शोधली. आकडा वाचणाऱ्या १९ ठिकाणी क्वालिटीची तपासणी घातली. उदाहरण थोडं लांबलं. छोट्या उदाहरणासाठी ती गाळावी असं एक मत होतं, पण लोक उदाहरण जसंच्या तसं उचलतात. जे उदाहरणात नाही ते कारखान्यातही पोचत नाही.

१३ मे, मंगळवार

दुपारी २ ते ५ गेटवे मंदावतो. बंद पॅनलच्या आत ६१ अंश मोजले. गेटवेची कमाल मर्यादा ६०. पॅनल पश्चिमेच्या भिंतीवर आहे आणि पंख्याची जाळी कापसाच्या तंतूंनी पूर्ण बुजलेली होती.

बसवण्याच्या पानात भर: पॅनल पश्चिमेच्या भिंतीवर नको. गेटवे ड्राइव्हच्या वर नको, खाली. वरच्या बाजूला सगळी उष्णता जमते. वर-खाली किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा. सूतगिरणीत जाळी दर आठवड्याला साफ करायची. गेटवेचं आतलं तापमान हाही एक टॅग म्हणून पाठवायचा आणि ७५ वर अलार्म लावायचा. एपीआयमध्ये तो टॅग आधीपासून होता. डॉक्समध्ये नव्हता, त्यामुळे कुणी लावलेला नव्हता.

१६ मे, शुक्रवार

हिंगण्याच्या एका इंटिग्रेटरच्या दोन तंत्रज्ञांना नवं डॉक्स आणि एक कोरा मीटर दिला. आम्ही शेजारी बसलो, बोललो नाही. खोका उघडल्यापासून एपीआयमध्ये व्होल्टेज दिसेपर्यंत ४७ मिनिटं. तीन ठिकाणी अडले.

पहिलं: पॅनल रूममध्ये मोबाइलची रेंज नाही, डॉक्स उघडेना. कृतीची पानं आता ऑफलाइन पीडीएफमध्ये, गेटवेच्या स्वतःच्या वेब पानावरही.

दुसरं: तक्त्यात 'शून्यापासूनचा पत्ता' असूनही त्यांनी कागदावरचा ४०००१ तसाच टाकला. मजकूर बरोबर होता, जागा चुकीची होती. कॉन्फिगरेशनच्या चौकटीतच 'कागदावर ४०००१ असेल तर इथे ०' ही ओळ टाकायला सांगितलं.

तिसरं, आणि सर्वांत जास्त वेळ खाणारं: आमच्या पानावर सम पॅरिटी होती, मीटर कारखान्यातून विनापॅरिटी आला होता. मॉडबसचं प्रमाण सम पॅरिटी सांगतं, पण अनेक मीटर ८-एन-१ (विनापॅरिटी) वर येतात. तारा उलटून बघितल्या, रोध मोजला, सगळं ठीक, तरी उत्तर नाही. 'उत्तर येत नाही' या लक्षणाखाली क्रम बदलला: स्लेव्ह आयडी, बॉड, पॅरिटी, आणि त्यानंतर तारा. पहिल्या तिन्ही गोष्टी मीटरच्या मेनूवर एका मिनिटात दिसतात, स्क्रू सोडावा लागत नाही. हे एक पान ए-फोरवर छापून, लॅमिनेट करून पॅनलच्या दाराला आतून लावलं.

सोमवारी दुसरी जोडी, दुसऱ्या उत्पादकाचा मीटर.